वसईचे दुभाषी: गोन्सालो गार्सिया आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती श्रद्धा

उल्हास नदीची खाडी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर काठावर वसईचा किल्ला उभा असून, त्याच्या तटाला लागून समुद्राच्या कडेने पाचूबंदर आणि किल्लाबंदर हे कोळीवाडे वसलेले आहेत. डोल जाळ्यांची मासेमारी, बांबूंच्या वलांड्यांवर वाळणारे बोंबील आणि घरांच्या दाटीत जागोजागी उभे असलेले कुरूस, म्हणजे चौथऱ्यावर उभारलेले क्रूस, ही या वस्तीची ओळख आहे. येथील कोळ्यांपैकी मोठ्या संख्येने लोक कॅथलिक ख्रिस्ती आहेत आणि त्यांची श्रद्धा सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने या किनाऱ्यावर आली, हे सर्वांना माहीत आहे. मात्र ती सत्ता १७३९ मध्ये संपल्यानंतरही श्रद्धा का टिकली, याचे उत्तर राजकीय इतिहासात मिळत नाही. त्या उत्तराचा एक धागा याच तटबंदीच्या आत वाढलेल्या, धर्मगुरूपदाची दीक्षा कधीच न मिळालेल्या आणि वसईपासून हजारो मैलांवर जपानमध्ये क्रूसावर मरण पावलेल्या गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रात आहे, तर दुसरा धागा त्यांच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी निराधार झालेल्या त्यांच्याच मुलखातील सामान्य ख्रिस्ती कुटुंबांच्या वागणुकीत आहे.

वसई पोर्तुगीजांकडे गेली ती गुजरातच्या सुलतानावर आलेल्या संकटामुळे. उत्तरेकडून हुमायूनचा दबाव वाढत असताना बहादूरशाहाने पोर्तुगीजांशी जुळते घेण्यासाठी २३ डिसेंबर १५३४ रोजीच्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे त्यांच्या स्वाधीन केली. भाताची सुपीक जमीन, बांधकामाचा दगड, जहाजबांधणीला लागणारे लाकूड आणि खाडीचे सुरक्षित बंदर असे सर्व एका ठिकाणी मिळाल्यामुळे वसई लवकरच पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांताचे', म्हणजे चौल ते दीवपर्यंतच्या ठाण्यांचे, मुख्य शहर बनली. या भागातील गावे वार्षिक साऱ्याच्या बोलीवर पोर्तुगीज कुटुंबांना तोडून देण्यात आली आणि सत्तेपाठोपाठ धर्मप्रसारही सुरू झाला. आंतोनियो दो पोर्तो यांच्या नेतृत्वाखाली आलेले फ्रान्सिस्कन संन्यासी, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या दारिद्र्यव्रताचे अनुयायी, या कामात अग्रभागी होते. १५४८ मध्ये फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले आणि त्याच सुमारास येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट संस्थेचे, कामही येथे उभे राहिले.

या धर्मांतराचे स्वरूप एकसारखे नव्हते, आणि ते एकाच रंगात रंगवणारे लेखन, मग ते कोणत्याही बाजूचे असो, वाचकाची दिशाभूल करते. काहींनी उपदेश ऐकून दीक्षा घेतली, काहींनी करातील सवलतींसाठी किंवा राज्यकर्त्यांच्या आश्रयासाठी घेतली, तर अनाथ मुलांना मिशनऱ्यांच्या हवाली करण्याच्या कायद्याने काही मुले संमतीचा प्रश्नही न येता चर्चमध्ये वाढली. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक पूजाविधींवर बंदी आली आणि मंडपेश्वरसारख्या प्राचीन लेण्यांवर चर्चची इमारत उभी राहिली. या जबरदस्तीचा रोष दोन शतके साचत गेला आणि पुढे मराठ्यांच्या मोहिमेला स्थानिकांनी साथ देण्याचे ते एक मोठे कारण ठरले. असे असले तरी, आजोबांनी ज्या कारणाने धर्म स्वीकारला त्याच कारणाने नातवाने तो जपला असे मानणे चुकीचे ठरेल, कारण बाहेरून आलेली श्रद्धा दोन-तीन पिढ्यांत घराच्या आत रुजते आणि मग तिचे स्वतःचे आयुष्य सुरू होते.

ही श्रद्धा अजून रुजत असतानाच, १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालो गार्सिया यांचा वसईत जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज शिपाई होते आणि आई स्थानिक होती. पोर्तुगीज राज्यातील समाजरचनेत अशा मिश्र कुटुंबातील मुलाचे स्थान अवघड असे, कारण पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या लेखी तो कमी दर्जाचा ठरे आणि स्थानिकांच्या दृष्टीने तो राज्यकर्त्यांपैकीच एक असे. किल्ल्यातील जेझुइटांच्या पवित्र येशूनाम चर्चला जोडलेल्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. या चर्चचा उंच दगडी दर्शनी भाग, त्यावरील खांब आणि येशूच्या नावाची अक्षरे आजही पाहता येतात. तेथील सेबास्तियांव गोन्साल्विस या धर्मगुरूंनी मुलाची हुशारी हेरली आणि १५७२ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांच्या गोन्सालोंना बरोबर घेऊन ते पूर्वेकडे निघाले. गोवा, मलाक्का, मकाव आणि जपान असा हा मार्ग मोसमी वाऱ्यांवर चालत असे आणि तो पार करायला वर्षाहून अधिक काळ लागणे सर्रास होते.

जपानमध्ये त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधी नवागतांना श्रद्धेची तत्त्वे शिकवणारा प्रापंचिक सेवक, म्हणून काम केले. जपानी भाषा युरोपीय धर्मगुरूंना अतिशय जड जात होती. आदर, वय आणि दर्जा यांनुसार बदलणारी तिची क्रियापदे चुकली की ऐकणाऱ्याचा अपमान होई आणि उपदेशाचा हेतूच फसे. गोन्सालोंनी मात्र ही भाषा इतकी आत्मसात केली की पुढे राजदरबारात बोलण्यासाठी त्यांचीच निवड झाली. लहानपणापासून घरात एक भाषा, विद्यालयात दुसरी आणि प्रार्थनेत लॅटिन अशी सवय असलेल्या वसईच्या मुलाला शब्द एका मनातून दुसऱ्या मनात नेण्याचे हे कसब अवगत असावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

त्यांची इच्छा येशूसंघात प्रवेश मिळावा अशी होती, परंतु अनेक वर्षे वाट पाहूनही ती विनंती मान्य झाली नाही. मिश्र वंशाच्या आणि आशियात जन्मलेल्या उमेदवारांविषयी त्या काळच्या धर्मसंस्थांमध्ये जो अविश्वास होता तो या नकारामागे असणे अगदी शक्य आहे. आयुष्यभराचे ध्येय हातचे गेल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि व्यापारात लक्ष घातले. चीनच्या किनाऱ्यावरून जपान आणि फिलिपिन्सपर्यंत चालणाऱ्या या व्यापारात त्यांचा जम बसला, पैसाही मिळाला. या निमित्ताने ते मनिलाला जात-येत राहिले. त्यांच्या चरित्रातील खरे वळण येथे आहे. संस्थेने नाकारलेला आणि संसारात स्थिरावलेला माणूस श्रद्धेपासून दूर गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. गोन्सालो मात्र मनिलातील फ्रान्सिस्कन संन्याशांच्या सहवासात आले, त्यांच्यापैकी ह्वान पोब्रे या व्रतबंधूंच्या दारिद्र्याने प्रभावित झाले आणि मिळवलेली संपत्ती सोडून त्यांनी १५८० च्या दशकात त्या संघाचे व्रत घेतले. ते धर्मगुरू झाले नाहीत. व्रतबंधू, म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नसलेला आणि मठातील श्रमाची कामे करणारा सभासद, हेच त्यांचे अखेरपर्यंतचे स्थान होते.

त्याच काळात जपानच्या राजकारणाने वेगळे रूप घेतले होते. शतकभराची यादवी मोडून तोयोतोमी हिदेयोशी यांनी देश एका सत्तेखाली आणला आणि १५८७ मध्ये मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला. हा हुकूम कडकपणे अमलात आला नाही, कारण पोर्तुगीज जहाजांमधून येणारे चिनी रेशीम जपानला हवे होते आणि त्या व्यापारात जेझुइटांची मध्यस्थी उपयोगी पडत होती. पुढे हिदेयोशींनी कोरियावर स्वारी केली आणि मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरांनीही आपले वर्चस्व मान्य करावे असा निरोप धाडला. मनिलाकडे प्रतिकाराचे बळ नसल्याने गव्हर्नरांनी वेळ काढण्याचे धोरण स्वीकारले. पहिले दूत म्हणून गेलेले डॉमिनिकन धर्मगुरू ह्वान कोबो परतीच्या प्रवासात मरण पावले, त्यामुळे १५९३ मध्ये दुसरे शिष्टमंडळ पाठवावे लागले. त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता होते आणि दुभाषी म्हणून गोन्सालो गार्सिया यांची नेमणूक झाली.

हिदेयोशींचा मुक्काम त्या वेळी कोरियाच्या मोहिमेसाठी क्यूशू बेटावरील नागोया येथे होता. तेथे झालेल्या भेटीत स्पॅनिश दूतांचे म्हणणे जपानी भाषेत मांडणे आणि हिदेयोशींच्या मागण्या दूतांना समजावून सांगणे हे काम वसईत वाढलेल्या या व्रतबंधूकडे होते. दोन्ही बाजूंच्या शब्दांत एखादी छटा कमी-जास्त झाली असती तर परिणाम गंभीर झाला असता. भेटीचा शेवट मात्र चांगला झाला. फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली आणि क्योतोमध्ये त्यांना जागा देण्यात आली. त्यांनी १५९४ मध्ये तेथे चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली आणि पुढे ओसाकातही लहानसा मठ सुरू केला.

क्योतोमधील या दोन-तीन वर्षांकडे पुढील घटनांच्या प्रकाशात अनेकदा दुर्लक्ष होते, वास्तविक ती गोन्सालोंच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्षे होती. फ्रान्सिस्कनांपैकी जपानी भाषा अस्खलित बोलणारे तेच असल्यामुळे शहरातील सामान्य लोकांशी होणारा संवाद, रुग्णांची विचारपूस, नवागतांचे शिक्षण आणि धर्मगुरूंच्या प्रवचनांचे रूपांतर या सर्वांचा भार त्यांच्यावर पडत असे. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांच्या जखमा धुण्याचे काम हे संन्यासी स्वतः करत आणि शुभवर्तमानातील येशू कुष्ठरोग्यांना स्पर्श करतो त्या प्रसंगांचे हे प्रत्यक्ष आचरण होते. जपानी सहकाऱ्यांमध्ये सुतार, वैद्य, दुभाषी, स्वयंपाकी अशी नाना तऱ्हेची माणसे होती. त्यांतील अनेकांनी फ्रान्सिस्कन तृतीय संघाची, म्हणजे संसारात राहून व्रतस्थ जीवन जगणाऱ्या प्रापंचिकांच्या संघाची, दीक्षा घेतली होती. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे जे मरण पावले त्यांत बहुसंख्य हीच माणसे होती.

या कामावर एक सावलीही होती. पोपच्या १५८५ च्या आदेशानुसार जपानमधील धर्मकार्य फक्त जेझुइटांकडे असावे असे ठरले होते आणि फ्रान्सिस्कनांचे येणे त्यांना बेकायदा वाटत होते. जेझुइटांना पोर्तुगालचा आश्रय होता, तर फ्रान्सिस्कन स्पॅनिश मनिलाहून आले होते. दोन्ही देश त्या वेळी एकाच राजाच्या छत्राखाली असले तरी त्यांच्या व्यापारातील चुरस संपली नव्हती. जेझुइट सावधपणे, गाजावाजा न करता काम करावे असे म्हणत, तर फ्रान्सिस्कन उघडपणे मिस्सा करत आणि रस्त्यावरून आपल्या पायघोळ झग्यात वावरत. कोणाचा मार्ग योग्य होता याचा निवाडा सहज करता येत नाही, मात्र एकाच क्रूसाचे अनुयायी परक्या देशात असे विभागलेले असणे ही त्या मिशनची मोठी उणीव होती, हे मान्य करावे लागते.

ठिणगी पडली ती १५९६ च्या ऑक्टोबरमध्ये. मनिलाहून मेक्सिकोतील आकापुल्कोकडे निघालेले सान फेलिपे हे मौल्यवान मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावर तोसा येथे किनाऱ्याला लागले. हिदेयोशींच्या अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. त्या वेळी जहाजावरील एका सुकाणूधाऱ्याने स्पेनच्या साम्राज्याचा विस्तार नकाशावर दाखवून, आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य येते, अशा अर्थाची फुशारकी मारल्याचे सांगितले जाते. ते वाक्य उच्चारले गेले की नाही यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन लेखकांनी एकमेकांना दोष देत भरपूर लिहिले आहे. जप्तीला कारण हवे होते आणि कोरियाच्या युद्धाने तिजोरी रिकामी झाली होती, इतके स्पष्ट आहे. डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या घरांभोवती पहारे बसले आणि अटकेचा हुकूम निघाला.

शिक्षा झालेल्यांची संख्या सुरुवातीला चोवीस होती: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि पंधरा जपानी प्रापंचिक. फ्रान्सिस्कनांमध्ये गोन्सालोंबरोबर मेक्सिकोत जन्मलेले फेलिपे दे हेसूस होते, जे धर्मगुरूपदाच्या दीक्षेसाठी सान फेलिपे जहाजाने मायदेशी निघाले होते आणि वादळामुळे जपानमध्ये आले होते. जेझुइटांमध्ये प्रभावी प्रवचनकार म्हणून ओळखले जाणारे पॉल मिकी होते. प्रापंचिकांमध्ये बारा वर्षांचा लुईस इबाराकी, तेरा वर्षांचा आंतोनियो आणि चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी ही मुले होती. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, तो अधिकाऱ्याने सौम्य केला. त्यानंतर त्यांना गाड्यांत बसवून क्योतो, ओसाका आणि साकाईच्या रस्त्यांतून फिरवण्यात आले आणि ऐन थंडीत, बहुतांश पायी, नागासाकीकडे नेण्यात आले. हा सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास महिनाभर चालला. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या आणखी दोन ख्रिस्ती व्यक्तींना पहारेकऱ्यांनी त्यांच्यात सामील केले आणि संख्या सव्वीस झाली. थॉमस कोझाकीने वाटेत आईला लिहिलेले निरोपाचे पत्र पुढे त्याच्यासोबतच मारल्या गेलेल्या वडिलांच्या कपड्यांत सापडले.

५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेत मांडलेले होते. जपानी पद्धतीच्या या क्रूसाला हातांसाठी एक आणि पायांसाठी दुसरी अशा दोन आडव्या फळ्या असत, मध्यभागी बसण्यापुरता खुंटा असे, आणि खिळ्यांऐवजी मनगट, घोटे आणि मान लोखंडी कड्यांनी व दोऱ्यांनी आवळली जात. गोन्सालो गार्सिया सर्वांत आधी आपल्या क्रूसापाशी गेले आणि क्रूसावर प्रथम त्यांनाच बांधण्यात आले, असे परंपरा सांगते. क्रूस उभे केल्यावर पॉल मिकी यांनी वरूनच जमावाला उपदेश केला आणि आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. मुलांनी प्रभूची स्तुती करणारे स्तोत्रसंहितेतील गीत म्हटले. त्यानंतर दोन-दोन सैनिकांनी दोन्ही बाजूंनी भाले खुपसून प्रत्येकाचा शेवट केला. देह अनेक महिने क्रूसांवरच ठेवण्यात आले. या प्रसंगाचा वृत्तान्त नागासाकीत असलेले जेझुइट इतिहासकार लुईस फ्रॉइस यांनी काही आठवड्यांतच लिहिला, आणि पेद्रो बाउतिस्ता यांचे सहकारी मार्सेलो दे रिबादेनेइरा यांनी पुढे फ्रान्सिस्कनांच्या बाजूने सविस्तर ग्रंथ लिहिला. दोन परस्परविरोधी गटांच्या लेखकांचे मृत्यूच्या तपशिलांबाबत बव्हंशी एकमत असल्याने या घटनेचा मुख्य गाभा विश्वासार्ह ठरतो.

या मृत्यूंनी जपानमधील छळ थांबला नाही. १६१४ मध्ये हिदेयोशींनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली आणि शिमाबारा येथील ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या १६३७-३८ च्या उठावानंतर ती अधिकच कठोर झाली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. उरलेल्या ख्रिस्ती लोकांनी मात्र गुप्तपणे, बाप्तिस्मा आणि तोंडपाठ प्रार्थनांच्या आधारे, सात-आठ पिढ्या श्रद्धा जपली. १८६५ मध्ये नागासाकीत नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावातील काही मंडळी फ्रेंच धर्मगुरूंना भेटली आणि त्यांनी आपली श्रद्धा उघड केली. ते चर्च याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेले होते.

धर्मगुरूंविना उरलेल्या समाजाची परीक्षा वसईलाही द्यावी लागली, जरी तिचे स्वरूप जपानइतके क्रूर नव्हते. १६२७ मध्ये पोप आठवे उर्बन यांनी सव्वीस हुतात्म्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीचा दर्जा, घोषित केले आणि वसईच्या शहरात गोन्सालोंच्या स्मृतीला मान मिळू लागला. त्याच शतकात एक वेगळे, कमी दिसणारे काम घडत होते. गोव्यात इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले होते आणि मराठी ओवीतून बायबलमधील कथा सांगण्याची वाट त्याने घालून दिली होती. उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्कु वाझ दे गिमारायस यांनी १६५९ मध्ये येशूच्या दुःखसहनावरचे पुराण या भागातील लोकांच्या मराठीत, रोमन लिपीत, सिद्ध केले. बायबलचे संपूर्ण भाषांतर हाती नसलेल्या आणि बहुतेक निरक्षर असलेल्या कोळी, वाडवळ आणि सामवेदी कुटुंबांपर्यंत शास्त्र पोहोचले ते असे गायनातून आणि श्रवणातून. उपवासकाळात, म्हणजे पुनरुत्थान सणाआधीच्या चाळीस दिवसांत, येशूच्या यातनांची कथा ऐकणे हा भक्तीचा प्रमुख मार्ग बनला. समुद्रात गेलेला घरधनी परतेल की नाही याची चिंता रोज वाहणाऱ्या कोळी स्त्रीला क्रूसाखाली उभ्या असलेल्या मातेचे दुःख परके वाटण्याचे कारण नव्हते.

मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या फेब्रुवारीपासून वसईला वेढा घातला, दोन्ही बाजूंची मोठी मनुष्यहानी झाली आणि १६ मे १७३९ रोजी किल्ला शरण आला. तहाच्या कलमांनुसार पोर्तुगीजांना सन्मानाने निघून जाण्याची मुभा मिळाली आणि मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल असे आश्वासन देण्यात आले. विजयी सैन्याने अशी उदारता दाखवणे त्या युगात दुर्मीळ होते आणि तिचे श्रेय मराठ्यांना निःसंकोचपणे दिले पाहिजे. पोर्तुगीज कुटुंबे व युरोपीय संन्यासी गोव्याकडे गेले, मठ ओस पडले, चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. त्यांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही आहे. फ्रान्सिस्कन चर्चमधील गोन्सालोंची उपासनाही या पडझडीत खंडित झाली.

मागे राहिलेल्यांची स्थिती बिकट होती. ज्या सत्तेचा धर्म त्यांनी स्वीकारला होता ती गेली होती, धर्मांतराने मिळणारे सर्व लौकिक लाभ संपले होते आणि काही कुटुंबे पुन्हा हिंदू समाजात परतली. आजोबांनी करसवलतीसाठी धर्म स्वीकारला असेल तर नातवाला तो सोडण्याची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. तरीही बहुसंख्य कुटुंबे ख्रिस्तीच राहिली, आणि उत्तर कोकणच्या इतिहासातील ही सर्वांत बोलकी घटना आहे. गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील मोजके स्थानिक धर्मगुरू विस्तीर्ण मुलखात फिरत राहिले. १७६० च्या सुमारास साष्टीतून गेलेल्या आंकेतील द्यू पेरों या फ्रेंच विद्वानाने तेथील चर्च स्थानिक धर्मगुरूंच्या हाती असल्याचे आणि ख्रिस्ती वस्ती मोठी असल्याचे पाहिले होते. परंतु धर्मगुरू रोज दारी येऊ शकत नव्हता. संध्याकाळची जपमाळ घरातील वडीलधाऱ्या बाईने सांगायची, मरणासन्न माणसाजवळ शेजाऱ्यांनी प्रार्थना म्हणायची, कुरसाजवळ गल्लीने एकत्र जमायचे, मुलांकडून विश्वासाचा जाहीरनामा तोंडपाठ करून घ्यायचा, या सर्व गोष्टी प्रापंचिकांनीच केल्या. जपानमध्ये गोन्सालोंनी व्रतबंधू राहून जे केले होते, तेच काम त्यांच्या मुलखात आता शेकडो निनावी घरांनी अंगावर घेतले.

१७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली, ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच ठिकाणी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि १८१८ पर्यंत सर्व प्रदेश इंग्रजी अमलाखाली गेला. या धामधुमीत कोळीवाड्यातील जीवन फारसे बदलले नाही. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोममध्ये सव्वीस हुतात्म्यांना संतपद दिले आणि वसईत जन्मलेली एक व्यक्ती कॅथलिक चर्चच्या वैश्विक संतमालिकेत गेली. मुंबईत स्थलांतरित झालेल्या उत्तर कोकणी ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन करून, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती समाजापेक्षा आपण वेगळे, याच भूमीचे मूळ रहिवासी आहोत, असे ठासून सांगितले. वसईतील अनेक ख्रिस्ती लोकांनी मात्र 'ईस्ट इंडियन' हे नाव न स्वीकारता मराठी हीच आपली ओळख मानली.

विसाव्या शतकात या ओळखीला मोठे बळ मिळाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, लोकभाषेतील उपासनेला मान्यता दिली आणि वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीतून होऊ लागली. 'सुवार्ता' मासिकाने शास्त्र, समाज आणि साहित्य यांना एका पानावर आणले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी गुंड आणि बिल्डर यांच्या विरोधात उभे राहण्याचे धाडस केले, आणि बायबलचे 'सुबोध बायबल' हे मराठी भाषांतर करून २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळवला. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. दरम्यान, २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले.

गोन्सालोंचे स्थान मात्र या काळातही वादातून सुटले नाही. २००८ मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा त्यांचा उल्लेख पहिल्या भारतीय संत असा सर्वत्र झाला. वडील पोर्तुगीज असल्याच्या कारणाने गोन्सालोंना त्या मानातून वगळणे वसईकरांना पटले नाही. येशूसंघाच्या दारात अर्धवट भारतीय म्हणून आणि चार शतकांनंतर अर्धवट परदेशी म्हणून एकाच माणसाला बाजूला ठेवले जावे, हा अन्याय वसईच्या श्रद्धावंतांना आजही सलतो आणि त्यांची ही तक्रार रास्त आहे. गास येथील त्यांच्या नावाचे चर्च, वसईतील त्यांच्या नावाचे महाविद्यालय आणि किल्ल्यातील जेझुइट चर्चमध्ये होणाऱ्या उपासना यांमधून त्यांची आठवण टिकवण्याचे काम प्रामुख्याने येथील प्रापंचिकांनीच केले आहे. पाचूबंदरच्या तरुणांपैकी अनेक जण आता मासेमारी सोडून नोकरीसाठी मुंबईच्या दिशेने जातात, बोंबलाचा हंगाम पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही आणि भरतीचे पाणी वस्तीच्या भिंतींपर्यंत येते. तरी उपवासकाळातील शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती करताना म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना मराठीत असतात, आणि त्या पुढाकार घेऊन म्हणणारे पुष्कळदा धर्मगुरू नसतात.